सहा इंची ई-रीडर, कोकण रेल्वे आणि मराठी पीडीएफचा छळ

स्पेसिफिकेशन लिहीत बसत नाही, ती सगळीकडे आहेत. सहा इंची पडदा, 300 पीपीआय (म्हणजे इंचाला 300 ठिपके), आत दिवा, वजन मोबाइलपेक्षा कमी. बरेच महिने वापरून झालाय, मुख्यतः ठाणे ते कुडाळ रेल्वेत. कंपनीचं नाव घेत नाही, कारण सर्व्हिसवाल्यांशी वाजलंय आणि ते अजून मिटलेलं नाही.

इंग्रजी पुस्तकं किंवा विकत घेतलेली मराठी ई-बुकं वाचणार असाल तर डोळे मिटून घ्या. युनिकोडमधलं, म्हणजे कुठल्याही यंत्राला कळेल अशा प्रमाण संकेतातलं मराठी स्वच्छ दिसतं, जोडाक्षरं फुटत नाहीत, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. विकिस्रोत या ऑनलाइन ग्रंथालयातली जुनी मराठी पुस्तकं ईपबमध्ये (पडद्याप्रमाणे ओळी बदलणाऱ्या ई-बुकात) उतरवून घेता येतात, तीही फुकट. ती मी आधी घेतली.

पण माझ्यासारखे लोक रीडर घेतात ते लॅपटॉपवर साठलेल्या पीडीएफ वाचायला. दिवाळी अंक, स्कॅन केलेली दुर्मिळ पुस्तकं, सरकारी प्रकाशनं, कोणी ना कोणी पाठवलेलं काहीबाही. आणि इथेच सगळं अडतं. डेमी आकाराचं पान साधारण 14 बाय 21.5 सेंटिमीटर. सहा इंची पडदा जेमतेम 9 बाय 12. आख्खं पान त्यात कोंबलं की 12 पॉइंटचं अक्षर 7 पॉइंटांवर येतं. दिवाळी अंकाचं पान तर त्याहून मोठं, वर दोन रकाने. झूम करावं तर प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे ढकला, आणि ई-इंकचा पडदा प्रत्येक ढकलण्याला एकदा मिचकावणार. पनवेलपर्यंत एक पान झालं नाही. शेजारचे काका मोबाइलवर तोच अंक वाचून झोपलेसुद्धा.

मग कॅलिबर. कोविद गोयल यांनी 2006 मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि उत्तम आहे, पण पीडीएफचं ईपब करायला गेलो तर सगळा मजकूर रोमन अक्षरांचा कचरा होऊन बाहेर पडला. यात कॅलिबर काय करणार? आपल्याकडची कित्येक पुस्तकं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लावलेली असतात. डोळ्याला ‘क’ दिसतो, संगणकाला भलतंच काहीतरी. या टप्प्यावर मी रीडर विकायला काढला होता. घेतल्या किमतीच्या निम्मेही कोणी देईना, म्हणून राहिला.

नंतर के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं सॉफ्टवेअर सापडलं आणि मत बदललं. हे मजकूर वाचायच्या भानगडीतच पडत नाही. पानाचं चित्र घेतं, शब्दाशब्दामधली मोकळी जागा हेरून एकेक शब्द कापतं आणि लहान पडद्याच्या रुंदीत पुन्हा ओळी लावतं. फॉन्ट कुठलाही असो, स्कॅन असो, दोन रकाने असोत, चालतं. आपली शिरोरेषा शब्द बांधून ठेवते, त्यामुळे शब्द मध्येच तुटत नाही. ओळी फार दाट असतील तर मात्र खालचे उकार आणि पुढच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. फाइल फुगते, शब्दकोश चालत नाही, अक्षराचा आकार आधीच ठरवावा लागतो. म्हणजे प्रवासाच्या आदल्या रात्री दशम्यांबरोबर पीडीएफही बांधून ठेवायच्या. जमतं.

बाकीचं थोडक्यात. बॅटरी महिना-महिना पुरते, ती जाहिरात खरी आहे. पडद्याला पान बदलतानाच वीज लागते. खिडकीतल्या उन्हात मोबाइलचा आरसा होतो, हा छान दिसतो. साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात नेटवर्क जातं आणि डब्यातले सगळे एकदम मान वर करतात, तेव्हा आपण वाचत असतो. एसटीत, घाटात, कुठलाच रीडर उपयोगाचा नाही. तिथे लिंबू चोखावं. कव्हर वेगळं घ्यावं लागतं आणि कंपनीचं कव्हर घेणं म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग. मी बाहेरून घेतलं.

आता वाजलं कशावरून? वॉरंटी संपायच्या आत पडद्याच्या उजव्या कडेला दोन उभ्या रेषा उमटल्या. कस्टमर केअरचं म्हणणं, हा ‘बाहेरून बसलेला मार’, वॉरंटीत येत नाही. म्हटलं, मार बसला तर काच तडकेल, एकाच कडेला सरळ रेषा कशा येतील? दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून फोटो पाठवा. शेवटी ‘खास आपल्यासाठी’ म्हणून नव्या रीडरवर सवलत देऊ केली. दसऱ्याच्या सेलमध्ये त्यापेक्षा जास्त सवलत सगळ्यांनाच होती.

नवा घेतला नाही. के-टू-पीडीएफ-ऑप्टमध्ये समास हवा तेवढा ठेवता येतो. उजवा समास वाढवला, दोन्ही रेषा समासात गेल्या.