१०८ च्या नोकरीचं आमिष, ९१,५०० रुपये आणि एक लॅमिनेट केलेला कागद

आधी आकडे. फॉर्मचे ५००. फी ६८,०००, तीन हप्त्यांत: २५, २५ आणि १८ हजार. युनिफॉर्म आणि किट ४,५००, परीक्षा शुल्क ३,५००, शेवटी ‘प्लेसमेंट डिपॉझिट’ १५,०००. एकूण ९१,५०० रुपये. जिल्ह्याच्या गावातल्या एका इन्स्टिट्यूटने ‘एक वर्षाचा ईएमटी-पॅरामेडिक डिप्लोमा, १०८ वर हमखास नोकरी’ म्हणत आमच्या घरच्या बारावी झालेल्या मुलीसाठी हे पैसे घेतले, आणि हाती दिला तो लॅमिनेट केलेला कागद. १०८ म्हणजे सरकारी ॲम्ब्युलन्स सेवा, ईएमटी म्हणजे तातडीचे उपचार करणारा तंत्रज्ञ.

मान्यता तपासली नाही का, असं विचारणाऱ्यांसाठी: तपासली होती. ऑफिसच्या भिंतीवर चार फ्रेम होत्या. आयएसओ ९००१, उद्यम म्हणजे छोट्या उद्योगाची नोंदणी, धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी आणि नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलचा आयडी. चारही कागद खरे निघाले, आणि डाव नेमका तिथेच आहे. यातल्या एकाचाही अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी काडीचा संबंध नाही. उद्यम नोंदणी पिठाच्या गिरणीलाही मिळते.

मागायचं ते वेगळंच. कौशल्य अभ्यासक्रम असेल तर त्याचा कोड विचारा. बेसिक ईएमटीचा कोड एचएसएस/क्यू२३०१ आहे, आणि त्याची परीक्षा बाहेरचा असेसर घेतो, इन्स्टिट्यूटचे सर नाहीत. डिप्लोमा किंवा पदवी म्हणत असतील तर देणारं मंडळ किंवा विद्यापीठ कोणतं ते लेखी घ्या. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांचं शिक्षण धरलं आहे. एका वर्षात ‘पॅरामेडिक’ करून देतो म्हणणाऱ्याला एवढा एकच प्रश्न पुरतो.

आता १०८ बद्दल, कारण सगळं गिऱ्हाईक याच आकड्यावर ओढतात. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली ती गाडीत डॉक्टर ठेवूनच, बहुतेक बीएएमएस नाहीतर बीएचएमएस. गुजरात, तेलंगणात गाडीत ईएमटी असतो, इकडे रचना वेगळी आहे. इकडे ईएमटीला काम मिळतं ते खासगी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, कार्डियाक ॲम्ब्युलन्स, कारखान्यांतलं आरोग्य केंद्र अशा ठिकाणी, आणि तिथे मुलाखतीत मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, हात चालवून दाखवायला लावतात.

तो हात या इन्स्टिट्यूटमध्ये बसणार कसा? सगळ्या बॅचला एक मॅनिकिन, तोही छातीची स्प्रिंग निकामी झालेला. हृदय बंद पडलेल्याला सीपीआर देताना छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. स्प्रिंगच मेली असेल तर खोलीही कळत नाही आणि छाती परत वर आली की नाही तेही नाही. मुलं चुकीचंच घोटतात. हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग कपाटात, मास्कशिवाय. म्हणजे बोटांच्या ‘सी-ई’ पकडीने मास्क चेहऱ्यावर गच्च बसवणं कुणी केलंच नाही. जखमीला पाठ न हलवता उचलायचा स्पाइन बोर्ड फक्त स्लाइडवर. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटरने किती वेळ पुरेल? अडीच तास. हे गणित शिकवणाऱ्यालाच येत नव्हतं. प्रवेशाआधी त्याला हेच विचारा. ‘हॉस्पिटल पोस्टिंग’ म्हणजे एका नर्सिंग होममध्ये फुकटची वॉर्डबॉयगिरी. बीएलएसचं (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांचं) कार्ड दिलं तर त्यावरचा कोड अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या साइटवर टाकून बघा. खरं कार्ड दोन वर्षं चालतं आणि तिथे सापडतं.

खरी खूण पहिल्याच हप्त्याला हातात पडली होती. पावतीवर फीचा उल्लेखच नव्हता. ‘ऐच्छिक शैक्षणिक देणगी’ असं छापलेलं, आणि शेवटी सगळ्या पावत्या मिळूनही रक्कम २८,००० पर्यंतचीच. बाकीचं ‘नंतर एकत्र देऊ’. आता म्हणायला सोपं आहे, पण आपल्याकडे बालवाडीच्या प्रवेशालाही देणगीची पावती मिळते, कोण चमकणार? तो एक शब्द मात्र पुढे प्रत्येक टेबलावर आमच्यावरच उलटला.

पोलीस ठाण्यात ठरलेलं वाक्य: हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवायचा, हे सांगितल्यावर साहेब म्हणाले, क्लास तर झाले ना? कौशल्य खात्याच्या कार्यालयात म्हणाले, संस्था आमच्या यादीत नाही, म्हणून कारवाई आमच्या हातात नाही. म्हणजे मान्यता असलेल्यावरच कारवाई, बिनमान्यतेचा मोकळा! दुसऱ्या कार्यालयाने पहिल्याकडे बोट दाखवलं. अर्ज सगळीकडे आवक झाला, जावक कुठूनच नाही. ग्राहक हेल्पलाइनवर पहिला प्रश्न: फीची पावती आहे का?

पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, पोस्टाची पोच जपा. तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पण मुदत दोन वर्षांची. पैसे रोख देऊ नका. हप्ता यूपीआयने, शेऱ्यात ‘ईएमटी कोर्स फी’ असं लिहून. व्यक्तीच्या खात्यावर मागितले तर उठून या. ओरिजिनल मार्कशीट कुणाच्याही फाइलला लावू नका, ती ओलीस ठेवून उरलेला हप्ता वसूल करतात. अडकलीच असेल तर डिपॉझिट भरत बसू नका. बोर्डाच्या विभागीय मंडळाकडून दुय्यम गुणपत्रिका मिळते.