परळला बाबांची अँजिओग्राफी आणि एक स्टेंट, आमचा अनुभव

बाबांना दादर स्टेशनचा जिना चढला की छातीत आवळल्यासारखं व्हायचं, थांबले की बरं वाटायचं. साधा ईसीजी नॉर्मल होता, पण बसल्या जागी तो नॉर्मल येऊ शकतो म्हणून इथे टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि स्ट्रेस टेस्ट (हृदयावर ताण देऊन तपासणी) केली, ती पॉझिटिव्ह आली म्हणून अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या नसांत डाय सोडून एक्स-रेवर ब्लॉक बघतात ती. डायचा किडनीवर ताण येऊ शकतो म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) बघितलं.

खरं कौतुक कॅथ लॅबच्या, म्हणजे जिथे अँजिओग्राफी करतात तिथल्या, टीमचं. मनगटातून केली, बाबा पूर्ण जागे होते. एलएडीत म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त नेणाऱ्या नसेत ९० टक्के ब्लॉक आणि उजव्या नसेत ६०. मला आत बोलावून स्क्रीनवर दाखवलं. मी धरूनच चालले होते की आता दोन स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी), पण डॉक्टर म्हणाले ६० टक्केवाला नुसता बघून ठरवायचा नाही, मोजू. बारीक प्रेशर वायर टाकून ब्लॉकच्या पलीकडचं प्रेशर अलीकडच्याच्या किती पट आहे ते बघतात, त्याला एफएफआर म्हणतात, ०.८० किंवा खाली आलं तर रक्त कमी पडतंय. बाबांचं ०.८८ आलं. डॉक्टर म्हणाले, "काका, इथे स्टेंट नको, गोळ्यांवर ठेवू." म्हणजे स्टेंट एकच, एलएडीत. एवढं ऐकून माझा जीव भांड्यात पडला, कारण ओळखीत एकांच्या वेळी दुसऱ्या हॉस्पिटलात टेबलावर पेशंट असताना "लगेच सही करा" म्हणून नातेवाईकांना घाबरवलेलं. अटॅक आलेला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे एक मिनिट घालवू नका, पण आमच्यासारख्या केसमध्ये विचारायला वेळ असतो, विचाराच.

बिलिंगवाल्यांचं मात्र नाही आवडलं. वायरचा खर्च वेगळा लागतो हे आधी सांगायला हवं होतं, आणि डिस्चार्जचे कागद हातात पडेपर्यंत संध्याकाळ झाली. स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारने कमाल मर्यादा घातलीय, त्यामुळे बिलात स्टेंटचं नाव, कंपनी, बॅच नंबर आणि किंमत वेगळी लिहिलेली आहे का बघून घ्या, आमच्यात होती.

घरी येताना सिस्टरने बाबांना नीट बसवून समजावलं की ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या) कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही, दात काढायचा असला तरी, नाहीतर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. हे तिने मराठीत, दोनदा, न वैतागता सांगितलं.