किल्ट खरा, बाकीचे खोटे

एडिनबर्ग किंवा ग्लासगोमध्ये शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आलेल्या मराठी मंडळींना कधी ना कधी एखाद्या स्कॉटिश मित्राच्या लग्नाचे निमंत्रण येते आणि पुरुषांनी हायलँड पोशाख (कमरेला गुंडाळायचा चौकड्यांचा, चुण्यांचा किल्ट आणि त्यासोबतचे जॅकेट वगैरे) केल्यास आनंद होईल, अशी ओळ त्यावर असते. हा पोशाख भाड्यानेही मिळतो; परंतु असे प्रसंग पुढेही येणार हे दिसत असल्याने मी तो विकत घ्यायचे ठरवले. एडिनबर्गच्या जुन्या शहरात, पर्यटकांची सतत वर्दळ असलेल्या रस्त्यावरील एका दुकानात ही खरेदी झाली. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे आणि ही पद्धत एकाच दुकानापुरती मर्यादित असेल असेही मला वाटत नाही.

या व्यवहारातील किल्ट पूर्णपणे खरा होता, हे आधी सांगणे आवश्यक आहे. आठ वार कापडाचा, दर वाराला 16 औंस वजनाचा, शुद्ध लोकरीचा; आतल्या पट्टीवर गिरणीचे नाव आणि धाग्याची माहिती देणारी चिठ्ठी शिवलेली होती. विक्रेत्याने ती चिठ्ठी स्वतःहून उलटून दाखवली, कापड बोटांत धरून पाहायला लावले, शेजारच्या दुकानांत टांगलेले स्वस्त किल्ट ॲक्रिलिकचे कसे असतात हेही समजावून सांगितले. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. नवखा माणूस किल्टची चौकशी करून येतो, जॅकेटची करत नाही, हे अशा विक्रेत्याला पक्के ठाऊक असते; किल्टने मिळवलेला विश्वास तो पुढे जॅकेट, स्पोरन (किल्टच्या पुढे लटकवायची कातडी थैली) आणि मोज्यात खोचायच्या सुरीवर वसूल करतो.

जॅकेटच्या बाबतीत त्याचा सल्लाही बरोबरच होता. प्रिन्स चार्ली नावाचे जॅकेट आखूड, मागे छोट्या शेपट्या असलेले आणि पुढून उघडेच राहणारे असते. ते काळ्या बो टायबरोबर संध्याकाळच्या समारंभालाच शोभते. आर्गाइल जॅकेट मात्र साधा टाय लावून दिवसाही घालता येते आणि चंदेरी बटणे असतील तर रात्रीच्या मेजवानीलाही चालते. म्हणून त्याने काळ्या बराथिया (एक प्रकारचे घट्ट विणीचे कापड) लोकरीचे आर्गाइल जॅकेट आणि वेस्टकोट असा 260 पौंडांचा संच सुचवला. अडकवलेल्या पुठ्ठ्यावर शंभर टक्के लोकर असे छापलेले होते. घालून पाहताना मी एक छायाचित्र काढून मित्राला पाठवले होते, त्यात तो पुठ्ठा स्पष्ट दिसतो. पुढे हेच छायाचित्र सर्वांत जास्त उपयोगी पडले. बाह्या थोड्या लांब होत्या, त्या दुकानानेच आखूड करून दिल्या. जॅकेट हातात आले तेव्हा आतली धाग्याची चिठ्ठी गायब होती, आणि शिवताना ती काढावी लागली असे कारण सांगण्यात आले.

खरा प्रकार उघडकीस आला तो एडिनबर्गच्याच लीथ भागात किल्ट शिवणाऱ्या एका वयस्कर बाईंमुळे. किल्टचे बक्कल थोडे सरकवून घ्यायचे होते आणि सगळा पोशाख एकत्र कसा दिसतो हे पाहण्यासाठी मी जॅकेटही सोबत नेले होते. त्यांनी जॅकेट टेबलावर पालथे घातले, खिशांच्या झडपांपासून खालच्या काठापर्यंतचे अंतर टेपने मोजले आणि हे किल्टचे जॅकेट नाहीच, असे सांगितले. किल्ट बेंबीच्या उंचीवर बांधतात, त्यामुळे त्यावरचे जॅकेट मुळातच आखूड बेतलेले असते आणि खिसे व बटणे त्या बेताने वर घेतलेली असतात. शिवाय पुढचे पल्ले खाली गोलाकार कापलेले असतात, म्हणजे स्पोरन झाकला जात नाही. माझ्या जॅकेटचे खिसे जवळजवळ काठाला टेकले होते. कोणत्याही सूटचे साधे काळे जॅकेट घेऊन ते खालून कापलेले, मनगटावर आर्गाइलची ओळख असलेली रुंद पट्टी वरून शिवलेली आणि बटणे बदललेली होती. त्यांनी शिवणीच्या आतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळला. लोकरीच्या धाग्याला जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडली जाते. हा धागा वितळला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. पॉलिएस्टर.

मग बाकीच्या वस्तूही तपासून झाल्या. समारंभासाठी म्हणून 95 पौंडांना घेतलेला स्पोरन सील या समुद्री प्राण्याच्या कातड्याचा असल्याचे सांगण्यात आले होते, प्रत्यक्षात ते रंगवलेले गाईचे कातडे होते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सीलच्या कातड्याच्या विक्रीवर 2010 पासून कडक निर्बंध आहेत, त्यामुळे कोणी नवा स्पोरन सीलचा म्हणून विकत असेल तर त्याच्याकडे कागदपत्रे मागावीत. ती नसतील तर एक तर कातडे खोटे आहे किंवा विक्री बेकायदा आहे, आणि दोन्ही परिस्थितींत ती वस्तू घेऊ नये. उजव्या मोज्यात खोचायच्या छोट्या सुरीची, म्हणजे स्किअन डूची मूठ हरणाच्या शिंगाची असल्याचा दावा होता, परंतु भिंगातून पाहिल्यावर मुठीच्या दोन्ही बाजूंना साच्याची बारीक रेघ दिसली, म्हणजे ती साच्यात ओतलेली होती. मोजे आणि त्यांच्या घडीखालून डोकावणाऱ्या रंगीत फिती, ज्यांना फ्लॅश म्हणतात, तेवढ्या ठीक होत्या. लांब नाड्या पोटरीवर गुंडाळून बांधायचे घिली ब्रोग बूटही चांगले निघाले.

खोट्या मालाइतकाच पैसा अनावश्यक मालावर गेला होता. रुंद कातडी पट्टा आणि मोठे बक्कल मला संचाचा आवश्यक भाग म्हणून देण्यात आले, पण वेस्टकोट घातला की पट्टा घालत नाहीत, असा तिथला सर्वसाधारण रिवाज आहे. खांद्यावरून सोडायचे प्लेड, म्हणजे चौकड्यांचे उपरणे, आणि त्याची पिन नवरदेवाला वा बॅगपाइप वादकाला शोभते, पाहुण्याला त्याची गरज नसते. किल्टची पिनही त्याने पुढच्या दोन्ही पदरांतून आरपार टोचून दाखवली. ती फक्त वरच्या पदराला लावायची असते, नाहीतर चालताना कापड ताणून फाटते. हे शेवटचे पाहून त्या बाई जरा संतापल्याच.

दुकानात परत गेल्यावर मापाने शिवलेला माल परत घेतला जात नाही, असे उत्तर मिळाले. प्रत्यक्ष दुकानात जाऊन घेतलेली वस्तू केवळ मन बदलले म्हणून परत करण्याचा हक्क ब्रिटनमध्ये नाही, हे खरे आहे, आणि नेमक्या याच अर्धसत्याचा आधार घेतला जातो. परंतु 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वस्तू सांगितलेल्या वर्णनाप्रमाणे असलीच पाहिजे. ती तशी नसेल तर पहिल्या 30 दिवसांत ती नाकारून पूर्ण पैसे मागता येतात, मग बाह्या आखूड केलेल्या असोत वा जॅकेट मापाने शिवलेले असो. तयार कपड्यावर धाग्यांचे प्रमाण सांगणारी चिठ्ठी असणेही तेथे बंधनकारक आहे. मी लेखी पत्र देऊन माल नाकारला, सोबत त्या बाईंनी लिहून दिलेला अहवाल आणि पुठ्ठ्याचे छायाचित्र जोडले. पत्राला उत्तर आले नाही.

पैसे क्रेडिट कार्डाने दिले होते. 1974 च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या 75 व्या कलमाप्रमाणे 100 पौंडांहून अधिक आणि 30,000 पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तूबाबत कार्ड देणारी संस्थाही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. बिलात प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीवर लावलेली होती. त्यामुळे जॅकेटचा संच या कलमात बसला आणि त्याचे 260 पौंड कार्ड कंपनीने परत केले, पण 95 पौंडांचा स्पोरन आणि 60 पौंडांची सुरी त्याबाहेर राहिली. बिल असे तोडण्यामागे हाच हेतू होता की तो केवळ दुकानाचा नित्याचा शिरस्ता होता, हे मी ठरवू शकत नाही. मात्र संच म्हणून घेत असाल तर बिलावर एकच किंमत लिहून मागावी आणि त्याच ओळीत ‘शुद्ध लोकर’ वगैरे वर्णन नोंदवून घ्यावे, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. उरलेल्या दोन वस्तूंसाठी कार्ड कंपनीच्या वेगळ्या परतावा प्रक्रियेखाली (चार्जबॅक) अर्ज केला आहे. ॲडव्हाइस डायरेक्ट स्कॉटलंड या मोफत सल्ला सेवेकडेही तक्रार नोंदवली असून अशा तक्रारी तेथून व्यापारातील गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या स्थानिक ट्रेडिंग स्टँडर्ड्स विभागाकडे पाठवल्या जातात. तो विभाग कोणाचे वैयक्तिक पैसे वसूल करून देत नाही, पण एकाच दुकानाविरुद्ध तक्रारी साठल्या तर चौकशी करू शकतो. ज्यांच्याकडे अशाच कापलेल्या जॅकेटची बिले असतील त्यांनी ती जपून ठेवावीत आणि आपली तक्रारही तेथे नोंदवावी.