चारही काढा म्हणाले होते, काढली एकच

उजवीकडची खालची अक्कलदाढ वर्षभरात दुसऱ्यांदा सुजली, तेव्हा तोंडात दोन बोटंही जात नव्हती. मी शिक्षिका आहे, दिवसभर बोलणं हेच माझं काम. आधीच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, मला दाखवलाही नाही आणि सांगितलं, "चारही काढून टाका, पुढे कटकट नको." का काढायच्या, ते विचारेपर्यंत पुढच्या पेशंटला हाक गेली होती. मी तारीख न घेताच परतले.

हा अभिप्राय नंतर गाठलेल्या ओरल सर्जन बाईंबद्दल आहे. त्यांनी तोच एक्स-रे उजेडात धरला आणि पेनाच्या टोकाने एकेक दाढ दाखवली. वरच्या दोन्ही सरळ आलेल्या, ब्रश पोचतो, कीड नाही. डावीकडची खालची हाडात पूर्ण गाडलेली, शांत. उजवीकडची मात्र आडवी, पुढच्या दाढेत घुसलेली, अर्धीच बाहेर. तिच्यावर हिरडीचा पदर होता, त्याखाली अन्न अडकून पुन्हा पुन्हा पू व्हायचा. पुढच्या दाढेवर टेकल्या जागी बारीक काळी सावली दिसत होती. "ही कीड आहे. अक्कलदाढ ठेवलीत तर ही चांगली दाढ गमवाल," असं त्या म्हणाल्या, तेव्हा माझा निर्णय झाला.

बाकीच्या तिघींना त्यांनी हात लावला नाही. ब्रिटनमध्ये तर निरोगी अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, अशी सूचना २००० सालीच निघाली आहे.

मला खरी भीती नसेची होती. खालच्या जबड्यातली ही नस ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते, आणि माझ्या दाढेची मुळं तिच्या जवळ होती. बाईंनी आधी थ्री-डी स्कॅन करून मधलं हाड दाखवलं. ओठ काही आठवडे बधिर राहू शकतो, क्वचित कायमचाही, हे सहीच्या आधी स्पष्ट सांगितलं. इतकं सरळ बोलणारं कुणी भेटलं की धीर येतो.

इंजेक्शननंतर दुखलं नाही, पण दाब जाणवतो आणि दाढ कापतानाचा आवाज थेट कानात घुमतो. दाढेचे दोन तुकडे करून काढले, तीन टाके पडले. तिसऱ्या दिवशी गाल सर्वात जास्त सुजला. रक्ताची गाठ निघून हाड उघडं पडू नये म्हणून स्ट्रॉ आणि जोराने थुंकणं बंद होतं, ते मी कसोशीने पाळलं. ओठ शाबूत आहे.

तक्रार एकच. जबडा आठवडाभर आखडतो हे सूचनांच्या कागदावर नव्हतं, त्यामुळे पाचव्या दिवशी घाबरून फोन केला. फोन मात्र बाईंनी स्वतः उचलला.

स्टाफरूममध्ये एक मैत्रीण "चारही काढल्या, सुटले" म्हणते, दुसरी पन्नाशीतही चारही सांभाळून आहे. दोघींचंही खरं आहे, पण त्यांच्या दाढा माझ्यासारख्या आडव्या नव्हत्या. डावीकडची बघायला मला वर्षाने बोलावलंय.