नोंदणी विवाहाची सेवा: खान्देशातल्या ‘न जुळणाऱ्या’ जोडप्यांनी आधी हे वाचा

ती यावलकडची. घरी केळीची बाग, बोली लेवा गणबोली, स्वयंपाकघरात अंडंही चालत नाही. तो साक्रीकडचा, अहिराणी बोलणारा, घरी मटणाशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. जळगावला कॉलेजात जुळलं. बैठक बसवून ही सोयरीक होणं अवघडच. अशा जोडप्यांसाठी विशेष विवाह कायदा, 1954 खाली होणारं नोंदणी पद्धतीचं लग्न ही सगळ्यात भक्कम वाट आहे. इथे जात, धर्म, पत्रिका, मानपान कोणी विचारत नाही. मुलगा 21 पूर्ण, मुलगी 18 पूर्ण, दोघांपैकी कोणाचा जोडीदार हयात नाही, मनाने सक्षम आणि निषिद्ध नात्यातले नाहीत, एवढंच पाहिलं जातं.

खरी कसोटी नोटिशीची. ज्या जिल्ह्यात नोटीस द्यायची तिथे दोघांपैकी एकाचं आधीचे सलग 30 दिवस वास्तव्य हवं. नोटीस नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरूनही भरता येते. मग तिची प्रत कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात आणि 30 दिवस हरकतीसाठी थांबावं लागतं. विवाह अधिकाऱ्याचं काम बहुधा दुय्यम निबंधक कार्यालयातच असतं. तिथे खरेदीखताला, बक्षीसपत्राला गावोगावची माणसं तासन्‌तास बसून असतात. नंबर लागेपर्यंत फलक वाचणं हाच त्यांचा विरंगुळा, त्यामुळे बातमी संध्याकाळच्या एसटीने गावात पोचते. छोट्या गावातल्या जोडप्यांसाठी ही या सेवेची सगळ्यात कमजोर बाजू आहे आणि कायद्यातली ही तरतूद बदलायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पुण्याला किंवा सुरतला जाऊन नोटीस दिली की घरी कळणार नाही, असा समज इकडे फार आहे. तो चुकीचा आहे. कोणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. म्हणजे वरच्या जोडप्याने जळगावला नोटीस दिली तरी धुळ्याला ती लागणारच, कारण साक्री धुळे जिल्ह्यात येतं.

हरकत कोणीही घेऊ शकतं, पण वर सांगितलेल्या अटी मोडत असतील तरच ती टिकते. ‘आम्हाला हे लग्न मान्य नाही’ ही हरकत होत नाही. अधिकाऱ्याने 30 दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. हरकत उचलून धरली तर 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. विनाकारण हरकत घेणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायला लावता येते. रक्कम फारच थोडी आहे, पण तरतूद माहीत असावी.

मुदत मात्र घट्ट आहे. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. सगळ्यात जास्त खोळंबा नावांमुळे होतो. दाखल्यावर वडिलांचं नाव ‘भास्कर’, आधारवर ‘भास्करराव’. एकीकडे आडनाव पाटील, दुसरीकडे चौधरी. हे नोटीस भरण्याआधी जुळवून घ्या. घटस्फोट झालेला असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला हवा. साक्षीदार तीन लागतात आणि तिघांनी प्रत्यक्ष हजर राहून सह्या करायच्या असतात. चौथा माणूस ओळखपत्रासह तयार ठेवा, कारण ऐन दिवशी एखाद्यावर घरून दबाव येतो आणि तो फिरकत नाही.

दोघेही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील आणि तीस दिवस थांबणं धोक्याचं असेल, तर हिंदू विवाह कायद्याप्रमाणे विधी करून नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद करणं लवकर होतं. पण विधी खरोखर झाला पाहिजे. नुसतं सर्टिफिकेट विकणाऱ्या एजंटांपासून लांब राहा. विधी न होता मिळवलेल्या दाखल्याने लग्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. सप्तपदी झाली असेल तर तिचे फोटो आणि पुरोहिताची सही जपून ठेवा.

सातबाऱ्याचा प्रश्न प्रत्येक घरात निघतोच. दोघेही वरच्या चार धर्मांतले असतील तर विशेष विवाह कायद्यातल्या 1976 च्या दुरुस्तीमुळे एकत्र कुटुंबातल्या स्थानावर आणि वारसाहक्कावर काही फरक पडत नाही. एक हिंदू आणि दुसरा मुस्लिम किंवा ख्रिस्ती असेल तर हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबातून विभक्त धरला जातो आणि पुढचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 प्रमाणे चालतो. विभक्त होणं म्हणजे हिस्सा बुडणं नव्हे. ‘कोर्टात लग्न केलं की जमीन गेली’ असं सांगून घाबरवतात, त्यावर विश्वास ठेवू नका.

धमक्या येत असतील तर नोटीस देण्याआधीच जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा असावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये दिला आहे. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

लग्नानंतर प्रमाणपत्राच्या दोन-तीन प्रमाणित प्रती लगेच काढा. दोघांपैकी एक अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटक्या किंवा विशेष मागास प्रवर्गातला असेल तर आंतरजातीय विवाहाचं 50,000 रुपयांचं सरकारी साहाय्य मिळू शकतं. अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात करायचा. जातीचे दाखले दोघांचेही लागतात. घरून निघताना कागद मागे राहिले तर नंतर घरचे ते देत नाहीत, म्हणून नोटीस भरायच्या आधीच मूळ दाखले स्वतःच्या ताब्यात घ्या.