टीव्हीच्या चौकटीबाहेरचा कॉर्नरबॅक: ‘ऑल ट्वेंटी-टू’ फिल्मचा एका हंगामाचा अनुभव

अमेरिकन फुटबॉलमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सच्या चाहत्यांमध्ये २०२४ च्या हंगामात आणि त्यानंतर संघाच्या तरुण कॉर्नरबॅकांवर, म्हणजे कडेच्या बचावपटूंवर, जितका वाद झाला, तितका क्वार्टरबॅकवरही, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूवरही, क्वचितच झाला असेल. क्विन्यॉन मिचेल खरोखर ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीच्या लायकीचा आहे का, कूपर डीजीनला आतल्या बाजूला खेळवावे की बाहेरच्या, केली रिंगोला आता तरी संधी द्यावी का, हे प्रश्न आमच्या घरी दर रविवारी जेवणाच्या टेबलावर येत आणि बहुतेक वेळा तसेच उठून जात. या वादाला काही आधार मिळावा म्हणून मी २०२४ च्या हंगामात एनएफएल या व्यावसायिक लीगची ‘एनएफएल प्लस प्रीमियम’ ही सेवा घेतली. सामन्यांचे पुनःप्रक्षेपण, ‘रेडझोन’ वाहिनी वगैरे बरेच काही तीत होते. पण मी पैसे भरले ते तिच्यातील एका सोयीसाठी, आणि हे परीक्षणही तेवढ्यापुरतेच आहे. ती सोय म्हणजे प्रशिक्षक पाहतात ती फिल्म. चाहते तिला ‘ऑल ट्वेंटी-टू’ म्हणतात, कारण तिच्यात मैदानावरचे बावीसच्या बावीस खेळाडू एकाच वेळी दिसतात.

अमेरिकन फुटबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. कॉर्नरबॅक हा बचावाच्या कडेला उभा राहणारा खेळाडू. प्रतिस्पर्धी संघाच्या रिसीव्हरला, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला, चेंडू मिळू न देणे हे त्याचे काम. रिसीव्हरला आपण कुठे धावणार हे आधीच ठाऊक असते, कॉर्नरबॅकला मात्र उलट्या पावलांनी मागे सरकत ते ओळखावे लागते. आपल्या कबड्डीतला कोपरारक्षक चढाई करणाऱ्याच्या पायांवर नजर ठेवून, घाई न करता, नेमक्या क्षणी झेपावतो. त्या संयमाशी या कामाचे जवळचे नाते आहे. फरक एवढाच की कबड्डीत सगळे आपल्या डोळ्यांसमोर घडते, आणि फुटबॉलमध्ये टीव्हीवर त्यातले जवळजवळ काहीच दिसत नाही.

खरी अडचण इथेच आहे. प्रक्षेपणाचा कॅमेरा चेंडूच्या मागे जातो. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू खेळात आला, की चौकट क्वार्टरबॅकभोवती आवळली जाते आणि एक-दोन सेकंदांत कडेचे रिसीव्हर व कॉर्नरबॅक पडद्याबाहेर जातात. ते पुन्हा दिसतात ते चेंडू त्यांच्याकडे फेकला गेला तरच. म्हणजे ज्या कॉर्नरबॅकने आपला माणूस इतका झाकला की क्वार्टरबॅकने तिकडे पाहून विचार बदलला, त्याचे उत्तम काम टीव्हीच्या प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. उलट ज्याच्यावर वारंवार चेंडू फेकला जातो, तो दोन-चार अडवून सामन्याचा नायक ठरतो. चाहत्यांची मते या अर्धवट चित्रावर बनतात, आणि माझीही अनेक वर्षे तशीच बनत होती.

ही फिल्म पूर्वी फक्त संघांनाच मिळत असे. २०१२ मध्ये लीगने ती सशुल्क का होईना, सर्वसामान्यांसाठी खुली केली. सामना संपल्यावर काही काळाने ती उपलब्ध होते. प्रत्येक चाल दोन कोनांतून येते, एकदा मैदानाच्या बाजूने उंचावरून आणि एकदा एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या गुण मिळवण्याच्या पट्ट्याच्या, मागून. समालोचन नाही, प्रेक्षकांचा गोंगाट नाही, खेळाडूंची नावे पडद्यावर येत नाहीत. पहिल्या दिवशी मला हे सारे फार कोरडे वाटले. एखाद्या बँकेतल्या सुरक्षा कॅमेऱ्याचे चित्रण पाहत आहोत असे वाटून मी वीस मिनिटांत ते बंद केले. दुसऱ्या आठवड्यात एकच खेळाडू धरून पाहायला लागलो, तेव्हा ती शांतता हवीशी वाटू लागली. मोठ्या आवाजातला समालोचक आपल्या आधी निष्कर्ष काढून मोकळा झालेला असतो. इथे निष्कर्ष आपला आपल्याला काढावा लागतो.

मिचेलचेच उदाहरण घेतो, कारण आमच्याकडचा सर्वांत मोठा वाद त्याच्यावर झाला. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये ईगल्सने त्याला बाविसाव्या क्रमांकावर घेतले. २००२ मध्ये लिटो शेपर्डला घेतल्यानंतर पहिल्या फेरीत कॉर्नरबॅक घेण्याची संघाची ही पहिलीच वेळ होती. मिचेल आला टोलेडो विद्यापीठातून, जिथले सामने मोठ्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे नामांकित विद्यापीठ गटांच्या, तोलाचे मानले जात नाहीत, त्यामुळे शंका पहिल्या दिवसापासून होती. सप्टेंबरमध्ये ब्राझीलमधील साओ पावलोत ग्रीन बे पॅकर्स संघाविरुद्ध त्याने हंगामाची सुरुवात केली आणि त्यानंतर साखळीतला पूर्ण हंगाम संपला, तरी त्याच्या नावावर एकही इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा फेकलेला चेंडू मध्येच पकडणे, नव्हते. माझा भाचा इथे अमेरिकेत शिकायला आहे. त्याचे म्हणणे ठाम होते. “मामा, शून्य म्हणजे शून्य. पहिल्या फेरीचा खेळाडू आणि चेंडू एकदाही हातात येत नाही, याला काय म्हणायचे?”

मी त्याला १४ नोव्हेंबरच्या वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्याची फिल्म लावून दिली. त्या रात्री टेरी मॅक्लॉरिनसारख्या कसलेल्या रिसीव्हरला साऱ्या सामन्यात एकच झेल मिळाला होता, तोही १० यार्डांचा. “आकडा राहू दे बाजूला, सत्तावीस नंबरच्या पायांकडे बघ,” एवढेच मी सांगितले. मिचेल रिसीव्हरपासून काही पावले मागे उभा राहतो, नजर अर्धी रिसीव्हरवर आणि अर्धी क्वार्टरबॅकवर. मागे सरकताना त्याची पावले छोटी आणि जमिनीलगत असतात, आणि मुख्य म्हणजे तो कंबर लवकर वळवत नाही. कच्चा कॉर्नरबॅक रिसीव्हरच्या पहिल्या हुलकावणीलाच वळतो आणि एकदा वळला की दुसरी बाजू उघडी पडते. मिचेल समोरच्याने खरा रस्ता धरेपर्यंत थांबतो, कारण आपल्या वेगावर त्याचा भरवसा आहे. चाळीस यार्ड त्याने ४.३३ सेकंदांत धावून दाखवलेले आहेत. भाचा पाऊण तास बोलला नाही. मग त्याने स्वतःच चित्र मागे नेले आणि क्वार्टरबॅकची मान त्या बाजूला वळून परत फिरते ती जागा बोटाने दाखवली. हे आकड्यांच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहिणार?

पुढे बाद फेरीत मिचेलने पॅकर्सविरुद्ध एक आणि वॉशिंग्टनविरुद्ध एक अशी दोन इंटरसेप्शन्स केली आणि शून्याचा मुद्दा संपला. मला मात्र त्याच्याबद्दलची खात्री त्याआधीच, नोव्हेंबरात पटली होती, आणि त्याचे श्रेय मी या फिल्मला देतो.

डीजीनच्या बाबतीत ही सेवा वेगळ्या प्रकारे कामाला आली. तो दुसऱ्या फेरीत, चाळिसाव्या क्रमांकावर, आयोवाहून आलेला. मांडीच्या स्नायूच्या दुखापतीमुळे त्याची पूर्वतयारी हुकली होती आणि पहिल्या चार सामन्यांत तो बचावात फारसा दिसलाच नाही. ते चार सामने संघ दोन जिंकला, दोन हरला. सुट्टीच्या आठवड्यानंतर क्लीव्हलँड ब्राउन्स संघाविरुद्ध त्याला स्लॉटमध्ये, म्हणजे आतल्या कॉर्नरच्या जागी, उतरवण्यात आले आणि तिथून साखळीतल्या तेरापैकी बारा सामने ईगल्सने जिंकले. याचे सारे श्रेय एका नवख्याला देणे चुकीचे होईल, पण प्रतिस्पर्ध्यांना सर्वांत कमी यार्ड देण्यात हा बचाव लीगमध्ये पहिला ठरला त्यात या बदलाचा वाटा मोठा होता. बाल्टिमोरमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्या डेरिक हेन्रीसारख्या पहाडाला त्याने एकट्याने समोरून अडवून मागे लोटले, ते पाहायला कोणत्याही खास फिल्मची गरज नव्हती, टीव्हीने ते पुरेपूर दाखवले. सुपर बोलमधल्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यातल्या, त्या क्षणासाठी मात्र ही फिल्म अवश्य पाहावी.

९ फेब्रुवारी २०२५, न्यू ऑर्लिन्स, डीजीनचा बाविसावा वाढदिवस. टीव्हीवर आपल्याला दिसले ते असे की प्रतिस्पर्धी कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स उजवीकडे पळत चेंडू फेकतो आणि डीजीन कुठूनतरी उगवून तो पकडतो व ३८ यार्ड धावत टचडाउन करतो, म्हणजे चेंडू एंड झोनमध्ये नेतो. एंड झोनच्या मागच्या कोनातून पाहिले की ‘कुठूनतरी’ हा शब्द गळून पडतो. आपला प्रदेश राखत, नजर क्वार्टरबॅकवरून न ढळू देता डीजीन त्याच्याबरोबर सरकत राहतो आणि चेंडू हातातून सुटताच त्याच्या वाटेत शिरतो. बचाव समन्वयक विक फँजिओ यांच्या पद्धतीत कॉर्नरबॅकने हेच करायचे असते. मागे दोन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, खोल उभे असतात, त्यामुळे पुढच्यांना चेंडूकडे तोंड करून खेळता येते. मी तो तुकडा किती वेळा पाहिला हे मोजलेले नाही, पण तो पाहून झाल्यावर मला तो झेल नशिबाचा वाटला नाही.

आमचे शेजारी निवृत्त शिक्षक आहेत आणि ईगल्सचे जुने, पक्के चाहते. फिल्म पाहायला ते आवडीने येतात, पण प्रत्येक वेळी २००२ ची आठवण काढतात. त्या वर्षी पहिल्या फेरीत शेपर्ड आणि दुसऱ्या फेरीत शेल्डन ब्राउन आले होते, तरी ट्रॉय व्हिन्सेंट आणि बॉबी टेलर हे अनुभवी कॉर्नरबॅक संघात होते तोवर, म्हणजे २००४ पर्यंत, दोघांना बहुतेक वाट पाहावी लागली. बाकावर बसून शिकलेला कॉर्नरबॅक जास्त टिकतो, असे त्यांचे मत. त्यांच्या अनुभवाचा मला आदर आहे, परंतु हे मत मला पटत नाही. मिचेलच्या सप्टेंबरातल्या आणि जानेवारीतल्या फिल्म मी लागोपाठ लावून पाहिल्या, तेव्हा सुरुवातीला रिसीव्हरला जास्त जागा देणारा हा मुलगा अखेरीस अधिक निर्धास्तपणे पुढे उभा राहू लागलेला मला दिसला. ही वाढ मैदानावर उतरूनच झाली, आणि तिचा पुरावा पाहायला मिळणे हेच या सेवेचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे मोल आहे.

आता मर्यादांविषयी स्पष्ट लिहायला हवे, कारण त्या माहीत नसतील तर ही फिल्म माणसाला शहाणा करण्याऐवजी हट्टी करते. फिल्म सगळे दाखवते, पण हाक काय दिली होती, म्हणजे त्या चालीसाठी बचावाची योजना काय ठरली होती, ते सांगत नाही. रिसीव्हर मोकळा सुटलेला दिसला की आपण जवळच्या कॉर्नरबॅकला दोष देतो, प्रत्यक्षात तो प्रदेश सेफ्टीचा असू शकतो आणि कॉर्नरबॅकने आपले काम चोख केलेले असू शकते. मी स्वतः ईगल्सचे अनुभवी कॉर्नरबॅक डेरियस स्ले यांच्यावर एका चालीसाठी आठवडाभर टीका करत होतो. तीच रचना पुढच्या सामन्यांत दोन-तीनदा दिसल्यावर लक्षात आले की आत वळणाऱ्या रिसीव्हरला सोडून देणे हाच ठरलेला हिशेब होता. तेव्हापासून मी एका चालीवरून मत बनवत नाही. एकच रचना अनेकदा पाहून मग बोलतो.

वेळेचाही विचार करावा. एका सामन्यात सव्वाशेच्या आसपास चाली, प्रत्येक दोन कोनांतून, आणि मागे-पुढे करून पाहायच्या म्हटल्या तर पूर्ण संध्याकाळ जाते. नोकरी-संसार सांभाळून हे दर आठवड्याला जमणारे नाही. मी हळूहळू फक्त तिसऱ्या डाउनच्या, म्हणजे दहा यार्ड गाठण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याच्या, चाली आणि त्यातही एकच बाजू पाहू लागलो. तासाभरात काम होते आणि हाती पुष्कळ लागते. मोबाइलवर पाहणे मात्र टाळावे. बावीस माणसे त्या पडद्यावर मुंग्यांएवढी दिसतात आणि पावले वाचायची तर मोठा पडदाच हवा.

महिन्याला १४.९९ डॉलर ही रक्कम मी दिली आणि ती मला जड वाटली नाही. त्याआधी मी खेळाडूंना गुण देणाऱ्या एका संकेतस्थळाचे वर्षभराचे सदस्यत्व घेतले होते. तिथे प्रत्येक कॉर्नरबॅकपुढे एक आकडा असे, पण तो कसा आला हे समजून घेण्याची सोय नव्हती, आणि आमचे वाद त्या आकड्याने अधिकच चिघळले. ज्यांना फक्त सामन्याचा आनंद घ्यायचा आहे, त्यांनी या फिल्मसाठी पैसे खर्च करू नयेत असेच मी सांगेन. माझ्या पत्नीला फुटबॉल मनापासून आवडतो, पण ध्वनीविना फुटबॉल तिला पाहवत नाही, आणि तिचे बरोबर आहे. अमेरिकेत राहणाऱ्या, एखाद्या संघात जीव गुंतलेल्या आणि ‘हा मुलगा पुढे काय होईल’ या प्रश्नाने खरोखर अस्वस्थ होणाऱ्या मराठी चाहत्याने मात्र निदान एक हंगाम ही सेवा घ्यावी.

२०२५ च्या हंगामाआधी आमच्याकडे विषय रिंगोचा होता. मार्च २०२५ मध्ये स्ले पिट्सबर्गला गेले, आयझेया रॉजर्स मिनेसोटाला गेले, आणि मिचेलच्या विरुद्ध कडेची बाहेरची जागा मोकळी झाली. अनुभवी अडोरी जॅक्सन त्या जागेसाठी आले होते, पाचव्या फेरीतला मॅक मॅकविल्यम्स नवा होता, आणि डीजीनलाच काही रचनांत बाहेर पाठवावे असेही एक मत होते. रिंगो २०२३ मध्ये चौथ्या फेरीत आला. जॉर्जियाकडून अलाबामाविरुद्ध राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात त्याने ७९ यार्ड धावून केलेला टचडाउन सर्वांच्या स्मरणात आहे, उंची आणि वेग दोन्ही त्याच्याकडे आहेत, पण बचावात त्याला तोवर मिळालेल्या चाली थोड्या. आम्ही त्याच्या पहिल्या हंगामाच्या अखेरच्या सामन्यांची फिल्म काढली. भाच्याला तो उतावळा वाटला. रिसीव्हर थांबून मागे वळतो तेव्हा इतक्या मोठ्या अंगाच्या माणसाला वेग आवरायला एक पाऊल जास्त लागते, हे त्याने मला तीन ठिकाणी दाखवले, आणि तिन्ही ठिकाणी मला ते मान्य करावे लागले. मी त्याला त्याच सामन्यांतल्या लांब पळणाऱ्या रिसीव्हरच्या मागे रिंगो न डगमगता टिकून राहतो त्या चाली दाखवल्या. ४ सप्टेंबर २०२५ ला घरच्या मैदानावर डॅलसविरुद्ध पहिला सामना होता. त्याची फिल्म आली की ते एक जास्तीचे पाऊल अजून आहे की गेले, हे आधी पाहायचे आम्ही दोघांनी ठरवले होते.