होंडा एस६६०: छोटी मिड-इंजिन गाडी रोज वापरल्यावर

मी योकोहामात राहतो. गाडी सेकंडहँड घेतली: होंडा एस६६०, अल्फा व्हेरिएंट (बीटापेक्षा वरचं), सहा गिअरची मॅन्युअल. त्सुयूचा (जपानी पावसाळ्याचा) पाऊस, ऑगस्टचा उकाडा आणि थंडी असं सगळं काढून झाल्यावर हे लिहितोय. भारतात ही कधी विकायला आली नाही, पण गाड्यांचं वेड असलेल्या आपल्या लोकांना ती माहीत असायलाच हवी.

गाडी जपानच्या केई वर्गातली, म्हणजे लांबी ३.४ मीटरच्या आणि इंजिन ६६० सीसीच्या आत. तीन सिलिंडरचं ६५८ सीसी टर्बो इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे आडवं बसवलंय. ताकद ६४ पीएस (म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर), मॅन्युअलचं वजन ८३० किलो. होंडाच्या संशोधन विभागाला ५० वर्षं झाली तेव्हा कर्मचाऱ्यांकडून नव्या गाड्यांच्या कल्पना मागवल्या होत्या. त्यात र्‍यो मुकुमोतो या तरुण मॉडेलरची (गाड्यांचे नमुने घडवणाऱ्याची) कल्पना निवडली गेली आणि पुढे गाडी घडवण्याचं नेतृत्वही त्याच्याकडेच दिलं. २०१५ मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा तो २६ वर्षांचा होता. एवढ्या लहान वयाच्या माणसावर कंपनीने विश्वास टाकला याचं मला फार कौतुक वाटतं.

"६४ पीएसमध्ये काय मजा येणार?" हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याचं उत्तर हाकोनेच्या डोंगरात मिळतं. तिथे जुन्या तोकाइदो रस्त्यावर नानामागारीचा चढ आहे, एकाला लागून एक हेअरपिन, म्हणजे उलट फिरवणारी तीव्र वळणं. दुसरा गिअर, वेग चाळीसच्या आसपास. स्टिअरिंग वळवायला घेतलं की गाडीचं नाक लगेच आत शिरतं, मागून काही ओढत आणावं लागतंय असं वाटतच नाही. दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी लटकवलेली कावड खांद्यावर घेऊन गर्रकन वळून बघा आणि मग एकच घागर कमरेवर घेऊन वळा. वजन पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे आणलं की इतका फरक पडतो. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की मागची चाकं दबून रस्ता धरतात. वजनाचा साधारण ५५ टक्के भाग मागे आहे, म्हणून टायरही पुढे १६५ आणि मागे १९५ रुंदीचे. पुढच्या चाकांना गाडी ओढायची नसते, त्यामुळे ३५० मिलिमीटर व्यासाच्या त्या चिमुकल्या स्टिअरिंगमधून डांबर कुठे गुळगुळीत आणि कुठे खरखरीत आहे ते तळहाताला कळतं. हे सगळं कायद्याच्या वेगमर्यादेत अनुभवता येतं. दुप्पट-तिप्पट ताकदीच्या कितीतरी गाड्यांना ते जमत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. ओल्या रस्त्यावर वळणाच्या मधेच ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन काढू नका. वजन पुढे सरकतं, मागची पकड हलकी होते. घसरण रोखणारं स्टॅबिलिटी कंट्रोल सांभाळून घेतं, तरी वेग वळणाआधीच उतरवलेला बरा.

डोक्यामागे एक छोटी काच आहे, तिला स्वतंत्र बटण. छत लावलेलं, बाजूच्या खिडक्या बंद आणि फक्त ती काच खाली केली की गिअर बदलताना टर्बोचा 'फुस्स' अगदी कानामागे ऐकू येतो. बोगदा आला की माझं बोट आपोआप त्या बटणावर जातं.

आता गैरसोयी. छत कापडी, हाताने गुंडाळायचं. गाडीतून उतरायचं, दोन्ही बाजूंच्या कड्या सोडवायच्या, गुंडाळी करायची आणि पुढच्या बॉनेटखालच्या डब्यात ठेवायची. सराव झाला की पटकन होतं, पण हायवेवर सर आली तर थांबायला जागा मिळेपर्यंत भिजायचं. सामानाला जागा तेवढाच एक डबा. त्यात छत ठेवलं की संपली. शिवाय जवळच रेडिएटर असल्यामुळे तो तापतो, दूध-दही तिथे ठेवायचं नाही. टोकियोतल्या निशी-कासाई या भारतीय वस्तीतून आणलेली दहा किलोची आट्याची पिशवी शेजारच्या सीटवर बसून येते, सीट दोनच, मग बायकोला ट्रेन. आईने व्हिडिओ कॉलवर गाडी बघितली आणि म्हणाली, "एवढ्या पैशात मोठी गाडी आली असती की रे!" आली असती. दोघांची एकुलती एक गाडी म्हणून ही घेऊ नका.

तिरकं मागे बघताना जवळजवळ काहीच दिसत नाही, लेन बदलताना आरशांवरच भिस्त. उंची १,१८० मिलिमीटर, त्यामुळे ट्रकचं चाक थेट डोळ्यांसमोर येतं.

खर्च मात्र सुखद. वर्षाचा कर १०,८०० येन, एक्स्प्रेसवेचा टोल साध्या गाडीपेक्षा कमी, पेट्रोल रेग्युलर चालतं. टाकी २५ लिटरचीच आहे, पंपावर वारंवार जावं लागतं. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असल्याने अदलाबदल करून आयुष्य वाढवता येत नाही.

२०२२ च्या मार्चमध्ये उत्पादन थांबलं. सुरुवातीला बीटा १९.८ लाख आणि अल्फा २१.८ लाख येनला मिळायची. आता चांगल्या ठेवलेल्या गाड्यांसाठी घासाघीस फारशी चालत नाही. घ्यायची तर मॅन्युअलच घ्या. बघायला जाल तेव्हा छताच्या कडेचं रबर बोटाने दाबून बघा, मागच्या टायरवरची चार आकडी तारीख (कितव्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला) वाचा, आधीच्या मालकाने टर्बोचं प्रेशर वाढवून घेतलं होतं का ते स्पष्ट विचारा, आणि शाकेन (गाडीची सक्तीची सरकारी तपासणी) किती महिने शिल्लक आहे ते कागदावर पाहूनच किंमत बोला.